डब्यात काय टिकते?

२०२४ साली हाइन्झ कंपनीने ब्रिटनमध्ये स्पगेटी कार्बोनारा डब्यात भरून विकायला काढली आणि रोममधले बल्लवाचार्य खवळले. इटलीच्या पर्यटनमंत्री डॅनिएला सान्तांके यांनीही जाहीर नापसंती नोंदवली. पुढे वाद ठरल्या वाटेने गेला. एक पक्ष परंपरेच्या अपमानाबद्दल बोलत राहिला, दुसरा म्हणत राहिला की ज्याला आवडेल त्याने खावे. या गदारोळात साधा प्रश्न मागे पडला. डब्यातला पास्ता खाण्याजोगा असतो का? आमच्या मते याचे एकच एक उत्तर नाही. ते पदार्थागणिक बदलते, आणि त्याचा निवाडा परंपरेपेक्षा उष्णता, पाणी आणि काळ यांच्या हाती अधिक आहे.

परंपरेचा मुद्दा आधी बाजूला ठेवू, कारण तो वाटतो तितका भक्कम नाही. आज कार्बोनाराचा शुद्ध पाठ म्हणून अंड्याचा बलक, ग्वान्चाले म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, पेकोरिनो चीज आणि मिरी एवढेच सांगितले जाते. पण ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकाने १९५४ साली छापलेल्या कृतीत चक्क लसूण आणि ग्रुयेर चीज होते. म्हणजे पदार्थ जेमतेम पाऊण शतकाचा, आणि त्याचे सोवळे त्याहूनही अलीकडचे. तेव्हा डबा वाईट ठरवायचा असेल, तर तो ‘अस्सल’ नाही एवढे कारण पुरणार नाही. तो चवीला वाईट का लागतो, हे सांगता आले पाहिजे.

हवाबंद डब्याचा खरा शत्रू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि डब्यातल्या प्राणवायूविरहित जागेत वाढून जीवघेणे विष तयार करतात. म्हणून कमी आंबट पदार्थांचे डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. एवढी उष्णता डब्याच्या अगदी मध्यभागी सुमारे तीन मिनिटे, किंवा तेवढाच परिणाम होईल इतका वेळ, मिळावी लागते. तीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. पण दाट सॉसमधून उष्णता सावकाश आत शिरते, आणि मध्यभाग तापेपर्यंत कडेचा पास्ता कितीतरी जास्त शिजून निघतो. यात कुठल्याही कारखान्याचा निष्काळजीपणा नाही. सुरक्षिततेची ती किंमत आहे आणि ती मोजलीच पाहिजे.

ती किंमत सर्वांत जास्त भरतो तो खुद्द पास्ता. ड्युरम गव्हाच्या रव्यात ग्लुटेनचे घट्ट जाळे असते आणि त्यात स्टार्चचे कण अडकलेले असतात. आठ-दहा मिनिटे उकळल्यावर बाहेरचा स्टार्च फुगतो, आतला गाभा किंचित कणखर राहतो. इटालियन लोक ज्याला ‘अल देन्ते’ म्हणतात तो दाताला जाणवणारा कणखरपणा हाच. तो काही मिनिटांचा पाहुणा असतो. डब्यात आधी प्रचंड उष्णता, मग महिनोन्‌महिने सॉसमधले वास्तव्य. पाणी गाभ्यापर्यंत पोचते, जाळे सैल पडते, स्टार्च सॉसमध्ये उतरतो, आणि पास्ता व सॉस यांतला फरकच मिटून जातो. कारखान्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून डब्यासाठीच्या पास्त्यात पुष्कळदा अंड्याचा पांढरा भाग घालून तो बळकट करतात आणि लांब, बारीक दोऱ्यांऐवजी आखूड, जाड आकार निवडतात. १९६५ साली अमेरिकेत आलेल्या ‘स्पगेटीओज’ची वर्तुळे मुलांना चमच्याने खाता यावीत म्हणून होतीच, पण डब्यात शाबूत राहण्याच्या दृष्टीनेही तो आकार सोयीचा होता.

सॉसचे तसे नाही. तिथे दोन जाती स्पष्ट दिसतात. आपल्याकडे आमटी दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगली लागते आणि कांदेपोहे मात्र कढईतून उतरवल्या उतरवल्याच खावे लागतात, तोच भेद इथे आहे. कार्बोनारा ही पोह्यांच्या जातीची. आचेवरून उतरवलेल्या पास्त्याच्या उष्णतेने बलक जेमतेम दाटावा, गोठू नये, यावर तिचा सगळा खेळ चालतो. सत्तर अंशांच्या पुढे गेले की बलकाची भुर्जी होऊ लागते, मग १२१ अंशांची गोष्टच नको. ‘काचो ए पेपे’ तर त्याहून नाजूक, नुसते पेकोरिनो, मिरी आणि पास्ता उकळलेले पाणी. २०२५ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी या सॉसवर ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असला तरच गुठळ्या टळतात, असे त्यांना आढळले. क्षणाच्या हिशेबावर उभे असलेले हे पदार्थ डब्यात भरायचे म्हणजे स्टार्च आणि दुग्धपदार्थांनी घट्ट केलेला वेगळाच सॉस बनवून त्यावर जुने नाव चिकटवायचे. असे डबे घेऊ नयेत, इतके स्पष्ट आम्ही म्हणू.

टोमॅटोची गोष्ट उलट आहे. तो मुळात आंबट. त्या आंबटपणात बोट्युलिनम वाढू शकत नाही, म्हणून नुसत्या टोमॅटोच्या डब्याला साधारण उकळत्या पाण्याइतकी उष्णता पुरते. टोमॅटोतले लायकोपीन शिजवल्यावर शरीराला अधिक चांगले मिळते, हा आणखी एक फायदा. नेपल्सजवळच्या सान मार्झानो टोमॅटोची कीर्ती जगभर पसरली ती डब्यातूनच. हिवाळ्यात इटालियन घरांतही डब्यातलाच टोमॅटो वापरतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बोलोन्याचा रागूही डबा सोसू शकतो. इटालियन पाककला अकादमीने १९८२ मध्ये त्याची कृती बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवली. मांस, टोमॅटो आणि भाज्या तासन्‌तास मंद आचेवर शिजणे हाच त्या पदार्थाचा स्वभाव आहे. शेंगदाण्याएवढ्या पास्त्याची आणि घेवड्याच्या दाण्यांची ‘पास्ता ए फाजोली’ ही दाट आमटीवजा डिशही डब्यात फारशी बिघडत नाही, कारण तिच्यात मऊपणा अपेक्षितच असतो. टोमॅटो सॉसमधली रॅव्हिओली या दोन टोकांच्या मधे कुठेतरी. आवरण लिबलिबीत होते, पण आतले सारण आणि सॉस तिला सावरतात. भुकेल्या संध्याकाळी खाल्ली तर तक्रार नसावी.

डब्यातल्या पास्त्याचा इतिहासही हेच सांगतो. एत्तोरे बोयार्डी १८९७ मध्ये इटलीतल्या पिआचेन्झात जन्मला आणि १९१४ मध्ये अमेरिकेत आला. क्लीव्हलँडमधल्या त्याच्या उपाहारगृहाचा सॉस गिऱ्हाइकांना इतका आवडे की ते दुधाच्या बाटल्यांत भरून घरी नेत. मागणी वाढली तसा १९२८ मध्ये त्याने कारखाना काढला. अमेरिकनांना उच्चार जमावा म्हणून नावाचे स्पेलिंग बदलले आणि ‘शेफ बोयार्डी’ घरोघरी पोचला. त्याच्या सुरुवातीच्या संचाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. त्यात कोरडी स्पगेटी वेगळी, सॉस वेगळा आणि किसलेले चीज वेगळे असे. टिकणारे टिकाऊ रूपात द्यायचे आणि ताजे व्हायला हवे ते गिऱ्हाइकाच्या चुलीवर सोडायचे, हे या कसलेल्या स्वयंपाक्याला नीट उमजले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनियातल्या मिल्टनचा त्याचा कारखाना सैनिकांसाठी रात्रंदिवस चालला, १९४६ मध्ये कंपनी विकली गेली, आणि हळूहळू सगळे शिजवून एकाच डब्यात भरलेली रूपे त्या नावाची ओळख बनली. आम्हाला त्याचा पहिला संच अधिक शहाणपणाचा वाटतो. कोरडा पास्ता हे मुळातच टिकाऊ अन्न आहे. कपाटात तो दोन वर्षे सहज राहतो आणि दहा मिनिटांत शिजतो. तो आधीच शिजवून डब्यात घातल्याने वाचतात ती हीच दहा मिनिटे.

पण ही दहा मिनिटे ज्याच्याकडे नाहीत, किंवा ज्याच्याकडे शेगडीच नाही, त्याला हा हिशेब ऐकवण्याचा हक्क आपल्याला नाही. वादळात वीज गेलेली घरे, एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती, आईवडील कामावर असताना शाळेतून घरी येणारी मुले, अन्नपेढीच्या रांगेतली कुटुंबे यांच्यासाठी न तापवताही खाता येणारा डबा म्हणजे जेवण आहे. त्याची टिंगल करणारे बहुधा भरल्या फ्रिजसमोर उभे असतात. इथे चवीपेक्षा मीठ महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. डब्यातल्या पास्त्याच्या एका कपात पुष्कळदा ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, आणि अख्खा डबा एका बैठकीत संपतो. रक्तदाब असलेल्यांनी लेबलावरचा हा आकडा पाहिल्याशिवाय डबा उघडू नये. शाकाहारी वाचकांनी घटकांची यादीही पूर्ण वाचावी. पेकोरिनो आणि पार्मेजान ही चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या, कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना आमचे सांगणे असे की डबा घ्यायचाच तर टोमॅटोचा घ्या आणि शेजारच्या फळीवरचे कोरड्या पास्त्याचे पाकीट घ्या. तेलात ठेचलेली लसूण परतून त्यात टोमॅटो पंधरा मिनिटे आटू द्या, तोवर पास्ता शिजतो. आणि अन्नपेढीला पास्त्याचे डबे द्यायचे असतील, तर कमी मिठाचे आणि कडी ओढून उघडणाऱ्या झाकणाचे निवडा. घेणाऱ्याकडे डबा फोडायचे साधन असेलच असे नाही.