पायाची पदवी आणि आपली पाटी

डोळ्यांचा, दातांचा वैद्य निराळा असतो हे रुग्णास सहज पटते. परंतु केवळ पायाच्या अभ्यासासाठी विद्यापीठात तीन-चार वर्षे घालवून कोणी पदवी घेतो, असे सांगितले की आपल्याच काही वैद्यबंधूंना हसू येते. पायासाठी एवढे शिकायचे काय, हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर गांभीर्याने द्यावयास हवे.

ब्रिटनमध्ये 'पोडायट्रिस्ट' ही संज्ञा कायद्याने संरक्षित आहे. ऑनर्स पदवी आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडील नोंदणी, या दोहोंवाचून ती नावापुढे लावता येत नाही. पूर्णवेळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा असतो. शारीर, चालीचे विश्लेषण, पायातील नाड्यांची डॉप्लरने परीक्षा, व्रणोपचार, स्थानिक भूल देऊन नखाची शस्त्रक्रिया हे सारे प्रत्यक्ष रुग्णांवर शिकविले जाते. पुढील प्रशिक्षण घेतलेल्यांना २०१३ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकारही मिळाला आहे. अमेरिकेत तर पदवीनंतर चार वर्षांचे महाविद्यालय व तीन वर्षांची निवासी उमेदवारी असा क्रम आहे.

एवढ्या शिक्षणाचे कारण मधुमेहात सापडते. संवेदना गेलेल्या पायास खडा टोचलेला कळत नाही. रक्तपुरवठा क्षीण असेल तर लहानशी जखमही भरत नाही आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत. त्यांचे पाय नियमाने तपासणार कोण?

यावर 'हे सारे आमच्या ग्रंथांत आहेच' असे उत्तर हमखास येते. ते खोटे नाही. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत पाददारी, अलस, कदर यांचे वर्णन केले आहे. कदर शस्त्राने काढून दहन करण्यास सांगितले आहे. व्रणाचे साठ उपक्रम दिले आहेत. रुतणाऱ्या नखाची कड काढून त्याच्या मुळाशी फिनॉल लावण्याची आजची पद्धत पाहिली की क्षारकर्माची आठवण होते. तथापि साम्य म्हणजे प्रावीण्य नव्हे. बधिर व रक्तहीन पायावर केलेला अग्निकर्म किंवा गरम पाण्याचा अवगाह नवा व्रण निर्माण करू शकतो. कोणत्या पायावर हे उपक्रम करू नयेत, हे दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना तपासल्यावाचून व पादनाडी पाहिल्यावाचून ठरत नाही. हा विवेक दोन दिवसांच्या शिबिरात येत नाही. त्यासाठीच पदवी असते.

आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत पोडायट्रिस्टचा समावेश झाला. नाव आले, आता त्यामागे सकस, पूर्णवेळ पदवी-शिक्षण उभे राहावयास हवे. म्हणून प्रस्तुत लेखकाची तीन मते येथे मांडतो. पहिले, शिबिराच्या प्रमाणपत्रावर 'पोडायट्रिस्ट' अशी पाटी आपल्यापैकी कोणीही लावू नये. आपल्या पदवीचा मान इतरांनी राखावा अशी अपेक्षा असेल, तर दुसऱ्याच्या पदवीचा मान आपण राखलाच पाहिजे. दुसरे, आयुर्वेद पदवीधरांना अशा अभ्यासक्रमात रीतसर प्रवेश मिळावा यासाठी संघटनेने पाठपुरावा करावा. शल्यतंत्र शिकलेला विद्यार्थी तेथे मागे पडणार नाही. तिसरे, तोवर प्रत्येक वैद्याने मधुमेही रुग्णाचे मोजे उतरवून तळवे, बोटांच्या बेचक्या व नखे पाहावीत आणि व्रण, काळेपणा वा सूज दिसताच विलंब न करता रुग्णास योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. कुरुपासाठी मागितली जाणारी कॉर्न कॅप सॅलिसिलिक आम्लयुक्त असते. ते आम्ल कुरूप आणि निरोगी त्वचा यांत भेद करीत नाही, आणि बधिर पायास जळजळ जाणवत नाही. ती हाती देण्यापूर्वी 'आपणांस मधुमेह आहे काय?' एवढे विचारावे, आणि उत्तर होकारार्थी आल्यास ती न देता रुग्णास वैद्याकडे धाडावे. त्या विक्रीतून सुटणारे चार पैसे एखाद्याच्या पायापेक्षा मोठे नाहीत.