निकालाच्या चार ओळी

सांगलीची स्मृती मानधना लहान असताना तिचा भाऊ महाराष्ट्राच्या वयोगटाच्या संघाकडून क्रिकेट खेळत असे. त्याने धावा काढल्या की त्याचे नाव वृत्तपत्रात छापून येई आणि घरी ते कात्रण जपून ठेवले जाई. ते पाहून आपणही अशा धावा काढाव्यात, आपलेही नाव छापून यावे असे वाटू लागले, असे स्मृतीने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत २२४ धावा केल्या आणि एकदिवसीय सामन्यात द्विशतक काढणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

त्या कात्रणांवर वार्ताहराचे नाव असण्याची शक्यता कमीच. वयोगटातल्या सामन्यांच्या बातम्या बिननावाच्याच छापल्या जातात. पण त्या चार ओळी कोणी तरी मैदानावरून आणल्या, कोणी तरी तपासल्या आणि रात्री पान सोडण्याआधी बसवल्या, म्हणून त्या घरापर्यंत पोहोचल्या. हे संपादकीय त्या चार ओळी आणणाऱ्या माणसासाठी आहे.

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी निघणाऱ्या दैनिकात ‘क्रीडा वार्ताहर’ हे पद पुष्कळदा कागदावर नसतेच. सकाळी नगरपालिकेची सभा, दुपारी बाजार समितीचे आंदोलन आणि मधल्या दोन तासांत तालुका क्रीडासंकुलातली कबड्डी, असा एकाच माणसाचा दिवस असतो. मैदानावर पोहोचेपर्यंत उपांत्य सामने उरकलेले असतात. मग उरते ती संयोजकांची व्हॉट्सॲपवर आलेली प्रेसनोट. तिच्यात पहिल्या परिच्छेदात उद्घाटक, दुसऱ्यात प्रमुख पाहुणे, तिसऱ्यात सूत्रसंचालन व आभार आणि सगळ्यात शेवटी विजेता संघ. खेळाडूंची नावे बहुतेक वेळा नसतातच.

ती प्रेसनोट जशीच्या तशी लावायची की उलटी करायची, या निर्णयाला पाच मिनिटे लागतात. जिल्ह्याच्या क्रीडापानाचा दर्जा मात्र त्या पाच मिनिटांत ठरतो. पाहुण्यांची नावे गाळावीत असे कोणी म्हणत नाही. मैदान आखून देणाऱ्याचे आणि चषक देणाऱ्याचेही श्रेय असतेच. पण पहिल्या वाक्यात कोण जिंकले, कोणाविरुद्ध, किती फरकाने आणि कोणाच्या खेळावर, हे यायलाच हवे. ती माहिती प्रेसनोटमध्ये नसेल, तर पंचांना किंवा गुणलेखकाला एक फोन करावा. सामन्याचे गुणपत्रक असतेच. त्याचा फोटो मागितला तर नाही म्हणणारा गुणलेखक क्वचितच भेटतो.

दुसरी गोष्ट नावांची. शाळांच्या याद्या बहुधा इंग्रजीतून येतात आणि उपसंपादक अंदाजाने त्यांचे मराठी करतो. त्या अंदाजात काळे यांचे काले होतात, गोळे यांचे गोले आणि डांगे यांचे दांगे. गावात ज्या मुलीला सगळे ओळखतात, तिचे नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येते आणि तेही चुकीचे. खेळाडूकडून किंवा क्रीडाशिक्षकाकडून नावे देवनागरीत लिहून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. मैदानावर वहीचे पान पुढे केले की मुले स्वतःच रांगेने नावे लिहून देतात.

आकड्यांचेही तसेच. खो-खोच्या बातमीत ‘चुरशीच्या सामन्यात विजय मिळवला’ एवढे लिहून भागत नाही. कोण किती मिनिटे धावले, कोणी किती गडी टिपले, डावाने जिंकले की गुणांनी, यातूनच सामना वाचकाला दिसतो. कबड्डीत मध्यंतराचे गुण, लोण कधी दिला, शेवटच्या पाच मिनिटांत चढाई कोणाची आणि पकड कोणाची, हे लिहिले की ज्याने सामना पाहिला नाही त्यालाही तो कळतो. या खेळांची परिभाषा मराठीत पिढ्यानुपिढ्या घडलेली आहे. तिला मोठ्या वृत्तपत्रात हक्काची जागा मिळाली ती वि. वि. करमरकर यांच्यासारख्यांमुळे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिले आणि त्या पानावर क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्तीलाही जागा दिली. मार्च २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांची आठवण काढणाऱ्यांत देशी खेळांतली माणसे होती, ती याच कारणाने.

आता परिभाषेत नवी भर पडते आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवले. महिलांनी ७८-४० असे, तर पुरुषांनी ५४-३६ असे. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या वाचकाला १२-९ असा निकाल वाचायची सवय आहे, त्याला ७८ गुण म्हणजे काय झाले हे कळत नाही. या स्पर्धेची गुणपद्धती वेगळी होती, हे दोन वाक्यांत समजावणे वार्ताहराचे काम आहे. तसेच ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले, ते कंपाऊंड प्रकारात; त्या वेळी ऑलिम्पिकमध्ये केवळ रिकर्व्ह होते. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले, ते एफ-४६ गटात. हा गट कोणत्या अपंगत्वासाठी आहे हे लिहिले, तर पुढच्या आठवड्यात एखाद्या खेड्यातले आईवडील आपल्या मुलाला मैदानावर घेऊन येण्याचा विचार करतील.

कुस्तीत तर नियमांचे ज्ञान नसले की बातमी पेटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पंचांनी दिलेला चितपटीचा निर्णय वादग्रस्त ठरला. दोन्ही खांदे टेकले की नाही यावर वाद झाला आणि पुढे दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. अशा रात्री जिल्ह्याच्या वार्ताहरावर दोन्ही बाजूंच्या तालमींचा दबाव असतो, हातातल्या मोबाइलवर दहा चित्रफिती फिरत असतात आणि पान सोडायला वीस मिनिटे उरलेली असतात. तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: आपण काय पाहिले, पंचांनी काय ठरवले आणि नियमात काय आहे. या तिन्ही गोष्टी एका वाक्यात कालवल्या की वार्ताहर स्वतःच पक्षकार होतो.

त्याच कुस्तीत नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी, दोन संघटनांच्या नावाने ‘महाराष्ट्र केसरी’ झाली. अशा वेळी नुसते ‘राज्यस्तरीय स्पर्धा’ किंवा ‘किताब पटकावला’ असे लिहिणे पुरेसे नाही. स्पर्धा कोणत्या संघटनेची, तिला मान्यता कोणाची, किती जिल्ह्यांचे संघ आले, कोणत्या वयोगटात आणि वजनगटात, हे बातमीत आलेच पाहिजे.

या तपशिलांना पैशाचे आणि नोकरीचे मोल आहे. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलतींचा आधार म्हणजे प्रमाणपत्र. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली आहेत. न झालेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र छापता येते. पण त्या दिवशीच्या, त्या गावच्या वृत्तपत्रात त्या स्पर्धेची बातमी मागाहून घालता येत नाही. स्पर्धेची तारीख, मैदान, सहभागी संघ आणि विजेत्यांची पूर्ण नावे असलेली चार ओळींची बातमी ही खऱ्या खेळाडूची साक्षीदार असते. दहा वर्षांनी पडताळणी करणारा अधिकारी जुना अंक काढून बसला, तर त्याला तिथे काही सापडावे, इतक्या जबाबदारीने ती लिहिली पाहिजे.

जबाबदारीची दुसरी बाजू कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये दिसते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने म्हणजे पेठांची अस्मिता. या शहरातून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. इथला वार्ताहर स्वतः कुठल्या तरी पेठेत राहतो, त्याचे मित्र कुठल्या तरी तालमीत जातात आणि सामन्यानंतर चहाच्या टपरीवर त्याला बातमीचा जाब विचारला जातो. मोठ्या शहरातल्या समीक्षकाला खेळाडू भेटत नाही. इथे तो सकाळी दूध आणताना भेटतो. त्यामुळे ‘धुव्वा उडवला’, ‘नाक कापले’, ‘पेठेची इज्जत राखली’ असे मथळे टाळणे ही केवळ भाषेची आवड राहत नाही. गॅलरीतली हुल्लडबाजी लिहावी, जरूर लिहावी. पण कोण कोणावर धावून गेले हे ऐकीव माहितीवर लिहू नये.

याहून नाजूक विषय लहान मुलींच्या तक्रारींचा. प्रशिक्षकाविरुद्ध किंवा संघव्यवस्थापकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार झाली, तर ती दडपू नये. मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ माध्यमांना बालकाची ओळख उघड करायला मनाई करते आणि त्यात नाव, छायाचित्र, पत्ता, कुटुंब, शाळा, परिसर हे सगळे येते. तीन हजार वस्तीच्या गावात ‘कबड्डी संघाची कर्णधार’ एवढे तीन शब्दही नाव छापण्यासारखेच असतात. मुंबईच्या वृत्तपत्राला जो तपशील निरुपद्रवी वाटतो, तो तालुक्याच्या बातमीत मुलीला शाळा सोडायला लावू शकतो. अशा बातमीवर वरिष्ठांशी बोलल्याशिवाय पान सोडू नये.

एवढ्या अपेक्षा ज्याच्याकडून करायच्या, त्याच्या हातात काय पडते? मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या. तरीही ग्रामीण भागात मानधनावर काम करणाऱ्या, पेट्रोलचा खर्च स्वतःच्या खिशातून भागवणाऱ्या वार्ताहरांची संख्या मोठी आहे. ज्याला जाहिरातही आणावी लागते, तो स्पर्धेच्या संयोजकाला नियमबाह्य वयाच्या खेळाडूंबद्दल प्रश्न कसा विचारणार? मालकांनी आणि संपादकांनी किमान क्रीडा वार्ताहराकडून जाहिरातीचे काम काढून घ्यावे आणि शालेय स्पर्धांच्या हंगामात त्याला मैदानावर जायला मोकळे सोडावे.

१९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सोव्हिएत मल्लाविरुद्धच्या कुस्तीआधी त्यांना नियमानुसार विश्रांती मिळाली नाही आणि तिथे हरकत घ्यायला कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २००० मध्ये आला. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते थेट १ ऑगस्ट २०२४ रोजी. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले होते. प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलांची यादी दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून येते आणि जागा उरली तर छापली जाते.

यंदाही ती येईल. तालुकास्तरीय शालेय स्पर्धाही सुरू होतील: आधी १४ वर्षांखालील, मग १७, मग १९. पावसाने मैदान ओले असेल, संघ उशिरा येतील आणि अंतिम सामना अंधार पडता पडता संपेल. त्या वेळी वार्ताहराने गुणपत्रकाचा फोटो घ्यावा, बारा खेळाडूंची नावे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावीत, प्रशिक्षकाचा नंबर टिपावा आणि हे सगळे वर्ष, खेळ व वयोगट घालून एका वहीत उतरवून ठेवावे. डेस्कवरच्या उपसंपादकाने त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या यादीतून चार ओळी कमी करून तेवढी जागा या बारा नावांसाठी राखावी.