शाल परत घ्या

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत 'आदर्श माता' सत्कार झाला. माझ्या मायला शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र मिळालं. माईकवाला घसा फोडून ओरडत होता, 'त्यागमूर्ती! उपाशी राहून लेकाला शिकवणारी माऊली!' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, डोळेही भरून आले. घरी आल्यावर माय म्हणाली, 'शाल ऊबदार हाये रे, पर दिस बुडाला माहा.'

दोस्तांनो, तेव्हापासून टाळकं तापलंय.

आपल्या अंकांत आईवरच्या कविता किती येतात बघा. आई दिवा, आई सावली, आई चंदन. मीही लिहिलीय तसली एक. मायला वाचून दाखवली. ती भांडी घासता घासता ऐकत होती. म्हणाली, 'चांगलंय. पर ह्यात माहे गुडघे कुठं हायेत?'

तर गुडघे ऐका. जालन्याकडची बाई, मुंबईत बिगारी झाली. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तिनं जायचं. काम तेच, मजुरी गड्यापेक्षा कमी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रेतीचं घमेलं, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा सातवा मजला. स्लॅबच्या दिवशी अंधार पडला तरी सुट्टी नाही. टाळूवर चुंबळीएवढ्या जागेत तिला केस नाहीत. त्या जागेवर माझं मॅट्रिक उभं आहे. अकरावीत नाव घातलं आणि त्याच वर्षी तिचे गुडघे गेले. मी गोदीत शिरलो, कंत्राटावर. आज मी गोणी उचलतो आणि रात्री कविता लिहितो. लेकाला शिकवलं म्हणून तुम्ही जिला शाल दिली, तिचा लेक हा. स्टेजवरच्या एकाही साल्यानं विचारलं नाही, पोरगं करतंय काय?

आता हिशेब काढतो. 1996 साली दिल्लीत बांधकाम मजुरांचा कायदा झाला. इमारतीच्या खर्चावर उपकर बसला, 1 टक्का. त्या पैशातून मजुराच्या पोरांच्या शिक्षणाला मदत द्यायची. महाराष्ट्राचे नियम निघायला 2007 उजाडलं. म्हणजे मायनं वाहिलेल्या प्रत्येक घमेल्यात माझ्या शाळेचे चार पैसे होते. ते घ्यायला नोंदणी लागायची. नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला, त्यावर मालकाची सही. नाक्यावरच्या बाईचा मालक रोज बदलतो. माय तीन ठेकेदारांकडे गेली. तिसरा म्हणाला, 'बाई, तुझं नाव कुठंय माझ्या वहीत?'

ह्याला तुम्ही त्याग म्हणता? खिसा कापला गेलेल्या माणसाला दानशूर म्हणाल काय?

बाबासाहेबांच्या घटनेत 45 वं कलम होतं. 10 वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, 14 वर्षांखालच्या सगळ्या पोरांना मोफत सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारनं करायचा होता. कायदा आला 2009 साली. तोही आठवीपर्यंत. नववीच्या उंबऱ्यावर सरकार हात झटकतं आणि तिथून पुढं माय घमेलं उचलते. जोतिबांनी तर 1882 सालीच हंटर कमिशनला लिहून दिलं होतं, की सारा भरतो शेतकरी, राबतो शूद्र, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्यांच्या पोरांवर. शंभर वर्षं उलटून गेली, वहीतली बाकी तशीच.

शाळेत 'माझी आई' निबंध लिहायला सांगत. फळ्यावर नमुना 'श्यामची आई'चा. साने गुरुजींवर माझा राग नाही. 1947 साली पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसलेला तो माणूस. राग आहे तो फळ्यावर. सगळ्यांच्या आया त्या एकाच साच्यात ओतायच्या. गरीब, सोशिक, संस्कारी. मी माझ्या मायला तुळशीपुढं दिवा लावायला लावलं आणि 10 पैकी 8 घेतले. आमच्या घरात तुळस नव्हती, गटार होतं.

1855 साली मुक्ता साळवे नावाच्या 14 वर्षांच्या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं त्यात मांडलं. आईला देवी केली नाही. हा निबंध मला कोणत्या मास्तरानं नमुना म्हणून दाखवला?

मायचे उपकार मी नाकारत नाही. तिच्या पाया पडतो, पडत राहीन. पण पाया पडताना गुडघे दिसतात, आणि ते सुजलेत.

येत्या रविवारी सकाळी आम्ही नाक्यावर बसणार आहोत. बायांची नावं, किती दिवस, कुठल्या साइटवर, कोण ठेकेदार, सगळं लिहून घ्यायला. वह्या आम्ही आणतोय. ज्यांचं अक्षर बरं आहे त्यांनी या. सातच्या आत या, आठनंतर बाया निघून जातात.