बजेट ताणायचं तर मेमरीसाठी
गेमिंग कॉम्प्युटरसाठी मध्यम किमतीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं, की गाडी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन थांबते: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी. दोन्ही २०२५ची, दोन्ही ८ आणि १६ जीबी मेमरीत मिळणारी. १६ जीबीच्या कार्डांची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत अनुक्रमे ४२९ आणि ३४९ डॉलर होती. वरच्या ८० डॉलरांत वेगवान जीडीडीआर७ मेमरी मिळते, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचं वास्तववादी चित्रण) सरस चालतं आणि ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या कामांत मोठा फायदा होतो. घरात कुणी ॲनिमेशन शिकत असेल, तर हे पैसे जरूर मोजावेत. निव्वळ गेम खेळायचे असतील, तर १४४०पी मॉनिटरवरही एएमडीचं कार्ड चोख काम देतं. खरी फसगत होते ती ८ जीबीच्या पायी. नाव तेच, चिपही तीच. पण नव्या गेममध्ये टेक्स्चर अल्ट्रावर नेलं की कार्डाची मेमरी भरते, उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या संथ रॅममध्ये जातो, चित्र अडखळतं, काही गेममध्ये भिंती-दगड पुसट दिसू लागतात. ही मेमरी बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की ऑनलाइन मागवा, खोक्यावरचा जीबीचा आकडा आधी वाचा. आणि बजेट ताणायचंच असेल, तर पहिल्यांदा मेमरीसाठी ताणा.