मत म्हणजे माफी नव्हे

आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली की अनेक घरांतून एकाच प्रश्नावर वाद झडू लागतात. वाद बहुधा दोन पिढ्यांमध्ये असतो. तिशीच्या उंबरठ्यावरची मुलगी बऱ्यापैकी पगाराची नोकरी असूनही भाडे परवडत नाही म्हणून आईवडिलांच्या घरी राहत असते आणि आपले मत शिन फेनला देण्याचा विचार बोलून दाखवते. वडिलांना मात्र त्या पक्षाचे नाव निघताच बाँबस्फोट, शवपेट्या आणि दूरचित्रवाणीवर पाहिलेले उद्ध्वस्त रस्ते आठवतात. जन्मापूर्वीच्या हिंसाचाराचे ओझे आपल्या मतावर का, असे मुलगी विचारते. ज्यांनी त्या हिंसाचाराचे समर्थन केले आणि तो चूक होता असे जे अजूनही म्हणत नाहीत, त्यांच्या हाती राज्य कसे द्यायचे, असे वडील विचारतात. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. म्हणूनच त्यांपैकी कोणत्याही एकाची वासलात लावून या वादाचा निकाल लागत नाही.

हा वाद आता केवळ तात्त्विकही राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत शिन फेनला पहिल्या पसंतीची २४.५ टक्के मते पडली. इतर कोणत्याही पक्षाहून ती अधिक होती. एवढ्या यशाची खुद्द पक्षालाही कल्पना नसावी, कारण त्याने अवघे ४२ उमेदवार उभे केले होते आणि त्यांतले ३७ निवडून आले. त्यानंतर फियना फॉल आणि फिना गेल हे पिढ्यान् पिढ्या परस्परांशी झगडलेले दोन जुने पक्ष ग्रीन पक्षाला बरोबर घेऊन प्रथमच एका मंत्रिमंडळात बसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिन फेनची मते १९ टक्क्यांवर घसरली; तरीही डॉइल या कनिष्ठ सभागृहातील १७४ जागांपैकी ३९ जागा मिळवून तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला. सीमेपलीकडे, ब्रिटनच्या अमलाखालील उत्तर आयर्लंडमध्ये, त्याच्या नेत्या मिशेल ओनील फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथममंत्री झाल्या. सत्तेच्या दाराशी उभ्या असलेल्या पक्षाविषयीचा निर्णय मतदाराला बेसावधपणे घेता येत नाही.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. ‘होमरूल’ हा शब्दच भारतात आयर्लंडकडून आला. ज्या एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. त्या उठावाच्या धगीतून १९०५ मध्ये स्थापन झालेला शिन फेन हा छोटा पक्ष एकाएकी राष्ट्रव्यापी झाला आणि १९१८ च्या निवडणुकीत त्याने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. ‘आम्ही स्वतः’ असा त्याच्या नावाचा अर्थ. परंतु तो शिन फेन आणि आजचा शिन फेन यांच्यामध्ये अनेक फुटी आहेत. १९२१ च्या तहावरून तो दुभंगला. १९२६ मध्ये डी व्हॅलेरा बाहेर पडले. १९७० मध्ये तो पुन्हा फुटला. आजचा पक्ष हा १९७० च्या फुटीतील ‘प्रोव्हिजनल’ गटाचा वारस आहे, आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या त्याच नावाच्या गटाची तो राजकीय शाखा मानला जात असे.

वडिलांच्या पिढीचा आक्षेप येथे सुरू होतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत चाललेल्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे १,७०० मृत्यू या गटाच्या हातून झाले. मृतांत सैनिक होते, पोलीस होते आणि बाजारहाटाला निघालेले नागरिकही होते. बर्मिंगहॅमच्या मद्यगृहांत १९७४ साली २१ जण मारले गेले. दहा मुलांची आई असलेल्या जीन मॅककॉनव्हिल यांना १९७२ मध्ये घरातून ओढून नेण्यात आले. त्यांचे अवशेष एका किनाऱ्यावर २००३ साली हाती लागले. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची ऑगस्ट १९७९ मध्ये स्लायगो परगण्यात हत्या झाली. त्या बोटीत त्यांचा चौदा वर्षांचा नातू आणि नावेवर काम करणारा पंधरा वर्षांचा मुलगाही ठार झाला. खुद्द आयरिश प्रजासत्ताकाच्या एका पोलीस अधिकाऱ्याला १९९६ मध्ये लिमरिक परगण्यातील अडेअर गावी गोळ्या घालण्यात आल्या. एका हातात मतपत्रिका आणि दुसऱ्या हातात बंदूक हे धोरण पक्षाच्या १९८१ च्या अधिवेशनात उघडपणे मांडले गेले होते.

या आक्षेपाला मुलीच्या पिढीचे उत्तर तयार आहे, आणि ते वजनदार आहे. शिन फेनकडे बोट दाखवणारे दोन्ही जुने पक्ष त्याच बंदुकीच्या पोटी जन्मले. १९२२-२३ च्या यादवी युद्धात डी व्हॅलेरा नव्या राज्याविरुद्ध शस्त्रधाऱ्यांच्या बाजूने उभे होते. आणि त्या राज्याच्या ज्या सरकारने कैदेतील विरोधकांना गोळ्या घातल्या, त्याचा वारसा फिना गेल सांगतो. १९२७ मध्ये केव्हिन ओहिगिन्स या मंत्र्याची हत्या झाल्यानंतर सरकारने कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा कुठे फियना फॉलचे सदस्य डॉइलमध्ये बसले. ज्या शपथेसाठी यादवी झाली तिला निव्वळ उपचार ठरवून त्यांनी ती उरकली. पाचच वर्षांनी सत्तांतर झाले आणि राज्य बुडाले नाही. उलट, १९३६ मध्ये आय.आर.ए.ला बेकायदा ठरवले ते डी व्हॅलेरांच्याच सरकारने. असा पूर्वेतिहास असलेल्यांनी शिन फेनविषयी नाकाने कांदे सोलावेत, हे तरुण मतदाराला दुटप्पी वाटले तर नवल नाही.

शिवाय शिन फेननेही तीच वाट चालली आहे. १९८६ मध्ये डॉइलवरील बहिष्कार त्याने सोडला. १९९४ ची आणि पुन्हा १९९७ ची शस्त्रसंधी, १९९८ चा गुड फ्रायडे करार, २००५ मधील शस्त्रत्याग, २००७ मध्ये उत्तरेतील पोलीस दलाला दिलेली मान्यता, हे टप्पे लहान नाहीत. करारावर दोन्हीकडील जनतेने शिक्कामोर्तब केले. दक्षिणेत ९४ टक्क्यांनी आणि उत्तरेत ७१ टक्क्यांनी. एकेकाळी डेरीतील आय.आर.ए.चे म्होरके असलेले मार्टिन मॅकगिनेस पुढे कट्टर विरोधक इयन पेस्ली यांच्या मांडीला मांडी लावून सरकारात बसले, आणि २००९ मध्ये सैनिकांना व पोलिसाला मारणाऱ्या फुटीर गटांना त्यांनीच देशद्रोही म्हटले. ज्यांनी बंदूक खाली ठेवावी म्हणून सारे आर्जव करत होते, त्यांनी ती ठेवल्यानंतर मतपेटीही त्यांना वर्ज्य ठरवणे हा न्याय नव्हे.

तथापि हे उत्तर पुरे नाही. १९२२ चे बहुतेक साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले आहेत. १९७२ मधील पोरकी मुले अजून हयात आहेत. ठार करून गुप्तपणे पुरलेल्या काहींचे अवशेष अर्धशतकानंतरही सापडलेले नाहीत. अशा स्थितीत मिशेल ओनील यांनी २०२२ मध्ये सांगितले की, त्या काळी सशस्त्र लढ्याला पर्याय नव्हता. ज्यांनी तो काळ त्याच भूमीवर काढला आणि तरीही बंदूक हाती घेतली नाही, अशा असंख्य राष्ट्रवादी कॅथलिकांचा हा अवमान आहे. जॉन ह्यूम यांचा पक्ष तेव्हा होताच, आणि १९९८ पूर्वीच्या प्रत्येक निवडणुकीत उत्तरेतील बहुसंख्य राष्ट्रवादी मतदारांनी शिन फेनपेक्षा त्याच पक्षाला पसंती दिली होती. पर्याय नव्हता असे नाही. तो नाकारला गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे टीकाकार म्हणतात ते या अर्थाने.

दुसरी शंका पक्षाच्या कारभाराविषयी आहे. आय.आर.ए.ची रचना फारच आक्रसलेल्या स्वरूपात का होईना टिकून आहे आणि तिचे आर्मी कौन्सिल पक्षाच्याही धोरणावर देखरेख करते असे तिच्या सदस्यांना वाटते, असा निष्कर्ष ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात होता. फेब्रुवारी २०२० मध्ये आयरिश पोलीस प्रमुखांनीही त्या मताशी आपण सहमत असल्याचे सांगितले. पक्ष हे साफ नाकारतो. परंतु लोकनियुक्त नेत्यांचे निर्णय कोण घेतो, हा प्रश्न लोकशाहीत क्षुल्लक नसतो, आणि नुसत्या इन्कारावर त्याची बोळवण होऊ नये.

असे असूनही लोक मते का देतात? कारण मतदार इतिहासाच्या पुस्तकात राहत नाही. तो घरात राहतो, किंवा घर शोधत फिरतो. २००८ च्या पडझडीत आयरिश बँका कोसळल्या आणि २०१० मध्ये बाहेरून ६७.५ अब्ज युरोंचे कर्ज घ्यावे लागले. त्या काळात घरबांधणी थंडावली; पुढे सुबत्ता परतली, पण घरे परतली नाहीत. २०२५ मध्ये १५ हजारांहून अधिक माणसे सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत होती. आलटून पालटून राज्य केलेल्या दोन पक्षांना या स्थितीचा जाब विचारायचा, तर मोठा असा विरोधी पक्ष एकच उरला. त्याच्याकडे हमखास इलाज आहे असे नव्हे. उत्तरेत तो वर्षानुवर्षे सत्तेत भागीदार आहे आणि घरांसाठीच्या प्रतीक्षा याद्या तेथेही हटलेल्या नाहीत. स्थलांतराच्या प्रश्नावर त्याची भूमिका दोन्हीकडच्या लोकांना अपुरी वाटली, आणि जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत त्याची मते १२ टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजेच या पक्षाला मतदार आताशा इतर पक्षांसारखेच जोखू लागले आहेत. भूतकाळाच्या भीतीने तो जेवढा खचला नव्हता, तेवढा वर्तमानातील धरसोडीने खचला.

यातून बहिष्काराच्या धोरणाची मर्यादा दिसते. १९७० च्या दशकापासून जानेवारी १९९४ पर्यंत शिन फेनच्या प्रवक्त्यांना आयरिश नभोवाणी व दूरचित्रवाणीवर बंदी होती. त्याने पक्ष संपला नाही, त्याला प्रश्न विचारण्याची सोय मात्र संपली. बेलफास्टमध्ये युनियनवाद्यांनी याच पक्षाबरोबर सत्तेत बसावे असे डब्लिनचे नेते सांगत राहिले आणि २०२० मध्ये स्वतःवर वेळ येताच त्यांनी अंग काढून घेतले. उत्तरेतील सहभागाची सत्ता शांततेची अट आहे, दक्षिणेतील आघाडी ऐच्छिक आहे, हा फरक खरा. पण ज्यांची माणसे मेली त्यांना हा फरक समजावून सांगणे अवघड आहे.

मग मतदाराने करावे काय? सुदैवाने आयरिश मतपत्रिका त्याला होय किंवा नाही एवढ्यावरच अडवून धरत नाही. भारतात राष्ट्रपतींच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत जी पसंतीक्रमाची पद्धत आहे, तीच तेथे सामान्य मतदाराच्या हाती आहे. ती रद्द करण्याचे प्रस्ताव १९५९ आणि १९६८ मध्ये जनतेने फेटाळले. एखाद्या उमेदवाराला पहिली पसंती द्यावी, चौथी द्यावी की त्याच्यापुढचा रकाना कोराच ठेवावा, हे मतदार मोजूनमापून ठरवू शकतो. संतापालाही प्रमाण असू शकते आणि विश्वासालाही, हे त्या कागदाला ठाऊक आहे.

परंतु प्रमाण ठरवताना एक भेद विसरू नये. मत हा पुढील पाच वर्षांचा व्यवहार आहे. ते मागील तीस वर्षांचे पापक्षालन नव्हे. क्षमा करण्याचा अधिकार फक्त ज्यांचे गेले त्यांचा. तो मतपेटीतून वटवता येत नाही. घरांसाठी शिन फेनला मत देणारी मुलगी कोणत्याही हत्येची भागीदार होत नाही. भूतकाळासाठी त्याला मत नाकारणारे वडीलही प्रतिगामी ठरत नाहीत. चूक दोघांचीही होईल ती एकाच ठिकाणी. मत दिल्यावर मुलीने प्रश्न विचारणे थांबवले तर, आणि मत नाकारले की इतरांच्या मतांचीही किंमत संपली असे वडिलांनी मानले तर.

हिशेब देण्याची खरी निकड खुद्द पक्षालाच आहे. डेरीतील १९७२ च्या रक्तरंजित रविवाराबद्दल ब्रिटिश सरकारकडून सत्य आणि माफी मिळावी, हा आग्रह राष्ट्रवाद्यांनी अडतीस वर्षे धरला आणि २०१० मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांना पार्लमेंटमध्ये ती मागावी लागली. जे माप राज्यसत्तेला लावले तेच स्वतःला लावण्यास शिन फेन का कचरतो? अखंड आयर्लंड हे त्याचे ध्येय. गुड फ्रायडे करारानुसार ते उत्तरेतील बहुमताच्या संमतीनेच साध्य व्हायचे आहे. ज्या युनियनवादी कुटुंबांनी आपली माणसे पुरली, त्यांच्यापैकी काहींचे मन तरी त्यासाठी वळवावे लागेल. पर्याय नव्हता, हे वाक्य ऐकवून ते वळणार नाही. शिन फेनला सत्तेपर्यंत नेणारी मते घरांच्या प्रश्नावर मिळतीलही. देश जोडणारी मते मात्र ‘ते चूक होते’ या तीन शब्दांवाचून मिळणे कठीण आहे.