दुरुस्ती कोणाच्या वेळापत्रकाने?

ऑपरेटिंग सिस्टीम एकदा संगणकात बसवली की काम संपले, असे समजणारे अजूनही पुष्कळ आहेत. वस्तुतः तिच्यात उणिवा सतत सापडत राहतात व त्या बुजविण्यासाठी अपडेट घ्यावेच लागतात. ते केव्हा व कोणाच्या संमतीने घ्यावयाचे, हा वादाचा खरा मुद्दा होय.

मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून आपल्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देत आली आहे. त्या घेणे न घेणे पूर्वी वापरणाऱ्याच्या हाती असे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत ही मुभा जवळजवळ काढून घेण्यात आली. ऐन कामात यंत्रे बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली, तेव्हा लोक चिडले, आणि ते रास्तच होते. तथापि सक्तीच्या विरोधकांनी मे २०१७ विसरता कामा नये. त्या महिन्यात ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. ज्या उणिवेतून तो शिरला तिची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण ती ठिकठिकाणी बसविलेली नव्हती. (ती उणीव अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने हेरगिरीसाठी आधीपासून दडवून ठेवली होती, ही बाब वेगळी!)

उलट, घाईचीही किंमत मोजावी लागते. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट एकाच वेळी सर्वत्र पाठविले गेले व विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. विमाने खोळंबली.

डेबियन लिनक्सची तऱ्हा या दोन्ही टोकांहून शहाणपणाची आहे. तिच्या स्थिर आवृत्तीत मुख्यतः सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतात. नवलाई पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवली जाते. काय बदलणार याची यादी यंत्र सांभाळणाऱ्यास आधी पाहता येते, आणि त्याने ठरविले तर सुरक्षेचे काम आपोआपही होते. कर्नल बदलला नसेल, तर बहुधा संबंधित सेवा पुन्हा सुरू करून भागते. मक्तेदार कंपन्या मात्र दुरुस्तीच्या गाठोड्यातच नवी बटणे व जाहिराती बांधून देतात, आणि मग लोक दुरुस्तीलाच घाबरू लागतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. चांगली चालणारी असंख्य यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांवर डेबियन आजही चालते, व तिच्या दुरुस्त्यांना दाम पडत नाही.