ब्रेक जखडणारी हौस

ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. तेथील हमरस्ता असो वा आमच्या पणजीचा, तो शर्यतीची धावपट्टी नव्हे. पुढच्या ब्रेकच्या नळीत झडप बसवून दाब कोंडला की पुढची चाके जखडतात. मग अँबॅसिडर, पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींची मागची चाके जागीच गरगरून टायर जाळतात. धावपट्टीवर तापलेला टायर अधिक पकड देतो. रस्त्यावर मात्र तो फुटला, तर त्याचे मोल पादचाऱ्यास मोजावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. खासगी मोटारीस पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणास यावेच लागते. त्या तपासणीत ब्रेकची नळीही पाहिली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.